यंत्रापुढे उभी राहणारी आपली मुले

(विश्वकर्मा जयंतीनंतरच्या रविवारी भरलेल्या ज्ञातिमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



विश्वकर्मा जयंतीच्या या मेळाव्यात दरवर्षी कोणीतरी विद्वान गृहस्थ आपल्या ज्ञातीच्या पूर्वपरंपरेविषयी चार शब्द सांगत असतात. यंदा कार्यकारी मंडळाने ही कामगिरी आमच्यासारख्या कारखान्यात जन्म घालविलेल्या माणसाकडे सोपविली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. छत्तीस वर्षे आम्ही टूलरूममध्ये डाय आणि फिक्स्चर यांच्याशीच काय ते बोलत आलो, आणि ती बिचारी निमूटपणे ऐकून घेतात. परंतु चिटणीसांनी विषय सांगितला आणि आम्हांस नाही म्हणवेना. विषय होता, कारखान्यात जाणारे आपले तरुण आणि त्यांची सुरक्षितता. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार विद्वत्तेतून आलेला नाही. तो आमच्या हातून घडलेल्या एका चुकीतून आला आहे. ती चूक कोणती, हे पुढे ओघाने येईलच.

आपल्या आजोबांच्या पिढीत मुलाला धंदा शिकविण्याची एक रीत होती. लोहाराचा मुलगा आधी भाता ओढी. जाळ कसा फुलतो, लोखंड कोणत्या रंगाला आले म्हणजे घाव घालावा, हे तो नुसते पाहून शिके. मग त्याच्या हाती सांडशी येई, आणि घण मिळेपर्यंत मिसरूड फुटत असे. सुताराच्या घरीही तसेच. पोराला प्रथम लाकूड धरावयास बसवीत, मग रंधा, मग पटाशी, आणि वाकस अगदी शेवटी, कारण वाकसाचा घाव चुकला तर तो पायावर बसतो. सुरक्षितता हा शब्द त्या पिढीने ऐकलेला नव्हता. तरी हत्यारे ज्या क्रमाने हाती दिली जात त्या क्रमातच ती गुंफलेली होती. शिवाय शिकविणारा स्वतः बाप किंवा चुलता असल्यामुळे पोराचा हात शाबूत राहण्यात त्याचा स्वार्थही होता.

पुढे बलुतेदारी मोडली, गावचा भाता थंडावला, आणि आपण शहरांत आलो. आज आपल्या कितीतरी घरांतील मुलगा भोसरीत, चाकणला, रांजणगावला, वाळूजला, अंबडला, नाहीतर कोल्हापूरजवळच्या शिरोलीत कारखान्यात जातो; आता मुलीही जाऊ लागल्या आहेत. कोणी आय.टी.आय. करून जातो, कोणी दहावी-बारावीला गळून ठेकेदाराच्या हजेरीपटावर चढतो. अशा मुलास पहिल्याच दिवशी शंभर टनांच्या प्रेसपुढे उभे करण्यात येते. तेथे त्याचा बाप नसतो, चुलता नसतो. असतो तो पाळीचा हिशेब पुरा करावयाचा असलेला एक सुपरवायझर. भाता ओढण्याची पायरी त्याच्या वाट्यास येतच नाही.

ज्या भगिनींनी पॉवर प्रेस पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडे स्पष्ट करून सांगतो. पत्रा कापणे, वाकविणे, ठोकून त्यास आकार देणे ही कामे या यंत्रावर होतात. आपल्या घरातील डब्याच्या झाकणापासून मोटारीच्या दारापर्यंत किती वस्तू तिच्याखालून जातात याची गणती करणे कठीण. जुन्या धर्तीच्या प्रेसमध्ये एक अवजड चाक सतत गरगरत असते. पायपट्टी दाबली की क्लचची चावी त्या चाकात अडकते, वरचा ठोका खाली येतो आणि परत वर जाऊन थांबतो. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, चावी एकदा अडकली म्हणजे तो ठोका मध्येच थांबविता येत नाही. घण आपल्या हातात असतो, उगारलेला घणही माणूस आवरू शकतो. या यंत्राचे तसे नाही. आणि ती चावी अथवा तिची स्प्रिंग झिजली असेल, तर ठोका वर जाऊन न थांबता आपणहून पुन्हा खाली येतो. कारखान्यातील मंडळी याला 'प्रेस डबल मारते' असे म्हणतात. अशा प्रेसला दोन्ही हातांनी दाबावयाची दोन बटणे बसविली तरी ती पुरी पडत नाहीत, कारण दुसरा ठोका कोणी बटण दाबल्याने पडतच नाही. हात आडवा येताच यंत्र थांबविणारे जे प्रकाशाचे पडदे नव्या प्रेसवर असतात, तेही ज्या यंत्राचा क्लच मध्येच सुटू शकतो तेथेच उपयोगी. झिजल्या चावीच्या प्रेसवर खरा उपाय म्हणजे ती बंद करून दुरुस्त करणे. आणि चावी चांगली असतानाही डायभोवती बोट शिरणार नाही असा पक्का गार्ड हवाच.

आता ती चूक. 2016 साली आपल्या ज्ञातीतील एका विधवा भगिनीचा मुलगा बारावीला अडकून घरी बसला होता. वय एकोणीस. त्याच्या आईने आमच्याकडे शब्द टाकला. आमच्या परिचयाचे एक लघुउद्योजक होते. आठ माणसांचे, तीन प्रेसचे त्यांचे वर्कशॉप होते. तेथे आम्ही मुलास चिकटवून दिले. मालकास आम्ही म्हणालो, 'आपलाच मुलगा आहे, कामाला मागे हटणार नाही.' आणि मुलास म्हणालो, 'आमचे नाव घालवू नकोस.' ही दोन वाक्ये आपण कृपा करून ध्यानात ठेवावी.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी तो आमच्या घरी आला. चहा घेता घेता म्हणाला, 'काका, आमची प्रेस मधूनच डबल मारते.' त्या वाक्याचा अर्थ आमच्याइतका त्या घरात दुसऱ्या कोणास कळण्यासारखा नव्हता. आम्ही विचारले, 'सेटरला सांगितलेस का?' तो म्हणाला, 'सांगितलं. ते म्हणतात, एवढी ऑर्डर निघू दे.' 'आणि गार्ड?' 'जॉब अडकतो म्हणून काढून ठेवलाय.' यावर आम्ही काय म्हणावयास हवे होते हे येथे बसलेल्या कोणासही सांगता येईल. आम्ही म्हणालो, 'नवीन आहेस, जरा सांभाळून कर. हात बसला म्हणजे भीती जाते.' आणि आम्ही विषय बदलला. पुढच्या गुरुवारी दुपारी पत्रा सरकविताना दुसरा ठोका आला. उजव्या हाताच्या तर्जनीची दोन पेरे आणि मधल्या बोटाची दोन पेरे गेली.

रुग्णालयात त्याच्या आईने आम्हांस एका शब्दाने काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

पुष्कळ दिवसांनी आम्ही त्या मुलाला विचारले की, प्रेस अशी वागते हे कळत असता तू उठून का उभा राहिला नाहीस? त्याने उत्तर दिले, 'तुमचं नाव गेलं असतं.' या चार शब्दांनी आमची झोप उडविली, आणि आज येथे उभे राहण्याचे कारणही तेच आहे. त्या मुलाचे तोंड मालकाने बंद केले असे म्हणून आम्हांस सुटता येत नाही. मालकाकडे तो जाण्यापूर्वीच ते आम्ही बंद करून पाठविले होते.

आता कायद्याची बाजू पाहू. आपल्या देशात कारखान्यांसंबंधीचा पहिला कायदा 1881 साली झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास मनाई केली, आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून रोज नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये असे ठरविले. आठ वर्षांच्या पोराने गिरणीत नऊ तास उभे राहणे ही त्या काळची सुधारणा! बरे, शंभराहून कमी माणसे असतील तेथे तोही कायदा पोहोचत नव्हता. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि त्यांच्या खटपटीने 10 जून 1890 पासून गिरण्यांना रविवारची सुटी मिळू लागली. आजचा आपला मेळावा रविवारी भरला आहे, त्यास ती खटपट कारण आहे हे सहज आठवले म्हणून सांगितले.

स्वातंत्र्यानंतर 1948 चा कारखाने अधिनियम आला. त्याचे तेविसावे कलम आम्हांस नेहमीच शहाणपणाचे वाटत आले. अठरा वर्षांखालील मुलास धोकादायक यंत्रावर लावावयाचे असेल तर आधी त्या यंत्राचे धोके त्यास पूर्णपणे समजावून द्यावेत, आणि एक तर त्यास पुरेसे शिक्षण मिळालेले असावे किंवा ते यंत्र जाणणाऱ्या माणसाची त्याच्यावर देखरेख असावी, असे ते कलम सांगत होते. हे म्हणजे आपल्या आजोबांचीच रीत सरकारने कागदावर उतरविल्यासारखे होते. मात्र आमचा तो मुलगा एकोणीस वर्षांचा, म्हणून त्या कलमाच्या बाहेर. आणि वर्कशॉप आठ माणसांचे, म्हणून अधिनियमाच्याच बाहेर. अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणजे माणूस कायद्याने प्रौढ होतो, पण नवशिका तो नवशिकाच असतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून त्या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ही अमलात आली आहे. तिच्यातील ज्या गोष्टी प्रत्येक घराने जाणून घ्याव्यात अशा आहेत, त्या सांगतो. कामावर घेताना नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. कामाच्या ठिकाणचे धोके कामगारास सांगणे, त्यास शिकविणे व देखरेख ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे; आणि तेथे वयाची अट नाही. सुरक्षिततेसाठी जे पुरवावयाचे त्याचा आकार कामगाराकडून घेता येत नाही. म्हणजे बूट, हेल्मेट, चष्मा यांचे पैसे पहिल्या पगारातून कापून घेतले जात असतील, तर ते बेकायदेशीर आहे. आपल्या आरोग्यासंबंधी व सुरक्षिततेसंबंधी माहिती मागण्याचा कामगारास हक्क आहे. जिवाला वा शरीराला तातडीचा धोका दिसला तर तो मालकाच्या आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाच्याही कानावर घालता येतो. हा शेवटचा हक्क कसा आला हे विसरू नये. डिसेंबर 1984 मध्ये भोपाळात हजारो माणसे वायूने मेली, त्यानंतर 1987 च्या दुरुस्तीने तो प्रथम कायद्यात आला. तोही फक्त घातक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरता. नव्या संहितेने तो इतरांसही दिला.

तथापि दोन उणिवा स्पष्ट बोलून दाखविल्या पाहिजेत. पहिली उणीव संख्येची. 1948 च्या मूळ अधिनियमात वीज वापरणारी दहा माणसांची जागा कारखाना ठरत असे. नव्या संहितेत हा आकडा वीस केला आहे. संहितेची सर्वसाधारण कर्तव्ये दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांस लागू आहेत खरी, पण आपली मुले जेथे हात भाजून घेतात ती वर्कशॉपे पुष्कळदा सहा-आठ माणसांचीच असतात. दुसरी उणीव अशी की, धोका कळविण्याचा हक्क कायद्याने दिला, परंतु निरीक्षक येईपर्यंत यंत्रापासून बाजूला उभे राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला नाही. ते बळ त्या मुलाला घरूनच मिळावयास हवे, आणि आमच्या घरून ते मिळाले नाही.

शिकाऊ उमेदवारांविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'तू अप्रेंटिस आहेस, तुला काही लागू नाही', असे मुलांस खुशाल सांगितले जाते. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखान्यातील सुरक्षिततेच्या तरतुदी उमेदवारास कामगाराप्रमाणेच लागू केल्या आहेत, आणि काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर ठेवली आहे. अठरा वर्षांखालील मुलांविषयी तर 2016 च्या दुरुस्तीनंतर कायदा अगदी स्पष्ट आहे: चौदा वर्षांपर्यंत कामावर ठेवावयाचेच नाही, आणि चौदा ते अठरा या वयात धोक्याच्या उद्योगांत पाठवावयाचे नाही.

कर्मचारी राज्य विमा योजना 1952 साली सुरू झाली. तिच्याविषयी एवढेच सांगतो की, जेथे ती लागू आहे तेथे कामावर असताना झालेल्या इजेसाठी पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते; त्यासाठी काही महिने वर्गणी भरलेली असावी लागत नाही. 1 जुलै 2019 पासून कामगाराच्या पगारातून शेकडा 0.75 आणि मालकाकडून शेकडा 3.25 अशी वर्गणी ठरली. तात्पुरते अपंगत्व आल्यास वेतनाच्या सुमारे नव्वद टक्के रक्कम मिळते, आणि कायमचे आल्यास त्या प्रमाणात आयुष्यभर निवृत्तिवेतन. आपल्या मुलाचे विमापत्र तयार झाले आहे की नाही, हे आईबापांनी पहिल्याच आठवड्यात पाहावे. अपघातानंतर घाईघाईने नाव नोंदविल्याची उदाहरणे काही थोडीथोडकी नाहीत.

आमच्या मुलाच्या आठ माणसांच्या वर्कशॉपला हा विमा नव्हता. त्याला आधार उरला तो 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचा. त्या कायद्याच्या परिशिष्टात शरीराचा कोणता भाग गेला म्हणजे कमावण्याची शक्ती शेकडा किती घटली समजावी याची सारणी आहे. अंगठा गेला तर तीस. तर्जनी मुळापासून गेली तर चौदा, तिची दोन पेरे गेली तर अकरा. मधले बोट संपूर्ण गेले तर बारा, दोन पेरे गेली तर नऊ. करंगळी संपूर्ण गेली तरी सातच. आम्ही ती सारणी प्रथम वाचली तेव्हा आपसूकच स्वतःच्या हाताकडे पाहिले. सांडशी धरणाऱ्या, पटाशीची धार अंगठ्याने चाचपणाऱ्या हाताला हा हिशेब पटावयाचा नाही. पण न्यायाधिकाऱ्यापुढे मोजणीला काहीतरी माप लागते, हेही खरे.

त्याच कायद्यात एक अपवाद आहे, आणि तो नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले नसेल, आणि सुरक्षिततेसाठी बसविलेला गार्ड कामगाराने जाणूनबुजून काढला म्हणून इजा झाली असेल, तर मालक भरपाईस बांधील राहत नाही. आमच्या प्रकरणात हाच प्रश्न पुढे आला. गार्ड कोणी काढला? मालकाचे म्हणणे, मुलाने. मुलाचे म्हणणे, सेटरने, मालकाच्या सांगण्यावरून. सेटर दोन मुलींचा बाप. तो काहीच बोलला नाही, आणि त्याला दोष देण्याची आमची जीभ उचलत नाही. लेखी कागद एकही नव्हता. दोन वर्षांनंतर तडजोड झाली. रक्कम येथे सांगण्यासारखी नाही.

म्हणून तरुण मित्रांनो, तुमच्या जबाबदारीविषयी बोलताना आम्ही प्रथम हेच सांगू की, गार्डला स्वतःच्या हाताने कधीही पाना लावू नका. दुसऱ्याने काढला असेल तर ते लगेच सुपरवायझरला कळवा. तोंडी सांगून भागत नसेल तर मोबाइलवर दोन ओळींचा संदेश पाठवा, म्हणजे तारीख आणि वेळ आपोआप उमटेल. आमच्या त्या मुलाजवळ तेवढ्या दोन ओळी असत्या, तर प्रकरणाचा रंग पालटला असता. उत्पादन वाढावे म्हणून दोन बटणांपैकी एक रबराने बांधून ठेवणारे कामगार आम्ही पाहिले आहेत, आणि त्यांत आपल्या ज्ञातीचेही होते. याला हुशारी म्हणत नाहीत. 'लोहाराच्या पोराला लोखंडाचे कसले भय' अशी फुशारकी आपल्यांत चालते. आमच्या वडिलांना लोखंडाचे पुरेपूर भय होते, म्हणून त्यांची दहाही बोटे त्यांच्याबरोबर सरणावर गेली.

हातात गंडा, कडे, अंगठी घालून फिरत्या यंत्रापाशी जाऊ नये. देवाचा दोरा असेल तर तो पाळीपुरता खिशात ठेवावा; देव रागावत नाही. हातमोजे सर्वत्र चांगले असेही समजू नये. ड्रिल मशीनवर वा लेथवर हातमोजा घातला की तो फिरत्या भागात अडकून हातासकट ओढला जातो. वेल्डिंगची काच न वापरता 'एवढासाच टाका आहे' म्हणून उघड्या डोळ्यांनी काम करणारे आपले कितीतरी भाऊ रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे तळमळतात आणि बटाट्याच्या चकत्या ठेवून पडतात. चकत्यांनी थंड वाटते. पण भाजलेला डोळा डॉक्टरला दाखवावा लागतो, आणि काच वापरली तर दोहोंचीही गरज पडत नाही. ग्राइंडरचा दगड बदलताना तो हलक्या हाताने ठोकून पाहावा. अखंड दगड खणखणीत वाजतो, तडा गेलेला बद्द वाजतो. ऐरणीच्या नादावर वाढलेल्या मुलांना हे शिकवावे लागू नये, पण आता ऐरण कोणाच्या कानांवर पडते?

एक उपचार येथे सांगून ठेवतो. सांगावा लागू नये अशीच इच्छा आहे. बोट तुटून पडले तर जखम स्वच्छ कापडाने दाबून धरून हात वर उचलून ठेवावा. तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने धुऊन ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावा, पाणी शिरणार नाही अशा पिशवीत घालावा, आणि ती पिशवी बर्फात ठेवावी. बोट थेट बर्फात टाकू नये, त्याने ते खराब होते. लगेच मोठ्या रुग्णालयात न्यावे. प्रेसखाली चिरडलेले बोट पुष्कळदा जोडता येत नाही, परंतु तो निर्णय डॉक्टरने करावा, सुपरवायझरने नव्हे.

आता घरच्या वर्कशॉपांकडे वळतो, आणि येथे काही मंडळींस राग येण्याचा संभव आहे. शाळा सुटल्यावर मुलाने घरच्या धंद्यात हात लावणे, काम धोक्याचे नसेल तर, कायद्याने मोकळे ठेवले आहे. याचा अर्थ, तेथे निरीक्षक येणार नाही. तेथे निरीक्षक आपणच. आणि आपल्या फर्निचरच्या कारखान्यांतून गोल करवतीवरचे झाकण किती ठिकाणी जागेवर आहे? पोरगा फळी बोटांनी ढकलतो. ढकलकाठी कोपऱ्यात पडलेली असते, नाहीतर केलेलीच नसते. लाकडाच्या भुशाचे आपणांस काही वाटत नाही, कारण तो आपल्या घरचा वास आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच लाकडाच्या भुशाची गणना माणसास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली आहे. तोंडावर चांगला मास्क आणि भुसा ओढून घेणारा पंखा ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही.

खंडेनवमीला आपण हत्यारे धुऊन पुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो, झेंडूच्या माळा घालतो. एका बंधूंच्या वर्कशॉपमध्ये आम्ही पूजेस गेलो होतो. करवतीच्या झाकणाला सुरेख माळ घातलेली होती. आम्हांस बरे वाटले, म्हणून आम्ही त्या झाकणाची स्तुती केली. तेव्हा त्यांच्या धाकट्या मुलाने निष्पापपणे सांगितले की, ते झाकण आजच बसविले, उद्या काढून ठेवतील. सगळे हसले. आम्हीही हसलो, ही गोष्ट मात्र 2016 च्या आधीची आहे.

माता-भगिनींस एक विनंती. मुलगा घरी आल्यावर 'किती मिळाले' हे आपण विचारतोच. त्याबरोबर 'आज मशीन कशी चालली' हेही विचारीत जावे. तांत्रिक उत्तर कळले नाही तरी चालेल. उत्तर देताना त्याचा चेहरा कसा होतो ते आईला बरोबर कळते. आमच्याकडे चहा घेताना त्या मुलाचा चेहरा कसा झाला होता, हे आम्ही पाहिले होते, आणि तरी विषय बदलला होता.

कार्यकारी मंडळापुढे आम्ही गेल्या महिन्यात एक सूचना ठेवली आणि ती मान्य झाली, हे कळविण्यास आनंद वाटतो. यापुढे आपल्या ज्ञातीतील जो गृहस्थ एखाद्या मुलाची कोठे शिफारस करील, त्याने आधी ते ठिकाण स्वतः जाऊन पाहावे. यंत्रांवर गार्ड आहेत का, नेमणूकपत्र मिळणार का, विमा लागू आहे का, एवढे विचारावे. आणि मुलाच्या आईसमक्ष मुलास सांगावे की, यंत्रात हात घालणे धोक्याचे वाटले तर घालू नकोस, नोकरी गेली तरी आमचे नाव जाणार नाही. ज्या मुलाची नोकरी अशा कारणाने जाईल त्यास दुसरी मिळेपर्यंत साहाय्य निधीतून तीन महिने मदत देण्याचेही ठरले आहे. काही सभासदांनी शंका काढली की, आळशी मुले याचा गैरफायदा घेतील. एखादा घेईलही. निधीचा तेवढा तोटा आम्हांस परवडेल.

ज्याच्याविषयी आम्ही बोललो तो मुलगा आता एकोणतीस वर्षांचा आहे. त्याने नंतर आय.टी.आय. पुरे केले, डाव्या हाताने मायक्रोमीटर धरावयास शिकला, आणि आज एका कारखान्यात तपासनीस आहे. पुढील महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात तो नव्याने कामास लागलेल्या मुलामुलींस प्रेस, करवत, ग्राइंडर यांविषयी शिकविणार आहे. त्यासाठी एक जुनी, चावी झिजलेली प्रेस मोटर काढून आणून ठेविली आहे; हाताने चाक फिरवून ठोका दोनदा कसा येतो ते त्याला दाखवावयाचे आहे. शिकविण्याचे कबूल करताना त्याने एकच अट घातली. आमच्या घरी त्या रविवारी झालेले बोलणे आम्ही स्वतः, जसे झाले तसे, पहिल्या वर्गात मुलांपुढे सांगावे. आज आपणांपुढे ते एकदा सांगून झाले आहे. त्या दिवशी पुन्हा सांगू.

मुलांनी येताना आपले नेमणूकपत्र बरोबर आणावे. नसेल त्यांनी कारखान्याचे नाव आणि कामाला लागल्याची तारीख एका कागदावर लिहून आणावी.